खानदेश जिल्हा आणि त्याची माणसं

मंडळी, खानदेश हा मुलूख फार जुना. फारुकी सुलतानांनी इथं दोनशे वर्षं राज्य केलं, १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि मोगलांचा सुभा बसला. पण आज मी बोलणार आहे ते इंग्रजी अमलातल्या 'खानदेश जिल्ह्या'बद्दल. तो १८१८ मध्ये आला आणि १९०६ मध्ये कागदावरून गेला.

जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहात होळकरांनी सातपुड्यापासून दक्षिणेकडचा आपला मुलूख कंपनीला दिला. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर शिंद्यांकडे होती, ती या जिल्ह्यात कधी आलीच नाही. उलट मालेगाव, बागलाण सुरुवातीला खानदेशात होते. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा ते तिकडे गेले. बोली, नातीगोती, बाजाराच्या वाटा पाहून ही हद्द कोणी आखली नव्हती. बागलाणात आजही अहिराणी ऐकू येते, ती याच मुलखाची.

हाती आला तो मुलूख उजाड होता. १८०२ च्या मराठी सरदारांच्या आपसातल्या धामधुमीत फौजा या गावांवरून गेल्या, पाठोपाठ दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली, शेतांत रान माजलं, पांझरा-गिरणेवरचे जुने बंधारे फुटून पडले. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं कारभाराचं ठाणं धुळ्याला केलं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभारली, तिचं ठिकाण धरणगाव. सरकारी कागदांत भिल्ल म्हणजे दरोडेखोर अशीच नोंद पुन्हा पुन्हा येते. मला ती मान्य नाही. घाटांची राखण आणि तिचा मोबदला हे डोंगरातल्या नाईकांचे पिढीजात हक्क होते. ते मोडले की माणूस हत्यार उचलणारच. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये सरकारवर उलटला आणि पुढच्या एप्रिलात आंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्या कितीतरी भिल्लांना गोळ्या घातल्या गेल्या. शाळेच्या पुस्तकात आंबापाणीला एक ओळ तरी मिळायला हवी.

सपाटीवरचे शेतकरीही गप्प नव्हते. १८५२ मध्ये जमिनीची नवी मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत हजारो लोक जमले आणि त्यांनी मोजणी अडवली. सारा वाढणार हे त्यांना कळत होतं. शेवटी फौज आणावी लागली.

आता माणसांच्या मोजणीकडे येऊ. १८७२ च्या गणतीत जिल्ह्यात दहा लाखांवर माणसं होती. १८८१ मध्ये १२ लाख ३७ हजार, १९०१ मध्ये १४ लाख २७ हजार. रेल्वे आली, भुसावळ जंक्शन झालं, कापूस वाढला, जळगावला गिरणी उभी राहिली. या आकड्यांवरून सगळा जिल्हा भरभराटीत होता असं वाटतं. पण १८९९-१९०० च्या दुष्काळानं जबर तडाखा दिला होता. शेवटच्या दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलीच.

आणि या एका बेरजेत दोन वेगळे खानदेश झाकले गेले होते. १९०६ मध्ये जिल्हा दुभागला तेव्हा ते उघड झालं. पूर्व खानदेशाचं क्षेत्र ४५४४ चौरस मैल, १९०१ च्या गणतीप्रमाणे माणसं ९ लाख ५७ हजार. पश्चिमेचं क्षेत्र जास्त, ५४९७ चौरस मैल, पण माणसं अवघी ४ लाख ६९ हजार. म्हणजे पूर्वेला चौरस मैलामागे सुमारे २११ माणसं, तर पश्चिमेला ८५. एकीकडे तापीकाठची काळी जमीन, केळी-कापूस, लेवा पाटील, गुजर आणि कुणब्यांची दाट वस्ती. दुसरीकडे अक्राणी, नवापूर, तळोद्याचं रान आणि भिल्ल, पावरा, मावची यांचे विखुरलेले पाडे. एकाच कलेक्टरनं एकाच नियमानं हे दोन्ही हाकायचे, हे मुळातच चुकीचं होतं.

१९६० मध्ये नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. पूर्व खानदेशाचा जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. आता २०११ ची जनगणना घ्या. जळगाव ४२ लाख ३० हजार, धुळे आणि नंदुरबार मिळून जवळपास ३७ लाख. सीमा थोड्या हलल्यात हे धरूनही, एकशेदहा वर्षांत पूर्व भाग साडेचारपटीच्या आत वाढला आणि पश्चिम भाग जवळजवळ आठपट. एकेकाळी तिघांतला एक खानदेशी पश्चिमेचा होता, आज जवळपास निम्मे आहेत. माझ्या मते याची कारणं दोन: १९०१ ची गणती दुष्काळानं पोळलेल्या वर्षांनंतरची होती, आणि पूर्वेची जमीन तेव्हाच भरली होती, नवी वहिवाट व्हायला जागा पश्चिमेच्या रानातच उरली होती.

ती जमीन कसणाऱ्यांच्या नावावर किती झाली, हा प्रश्न मात्र अजून तहसील कचेऱ्यांत पडून आहे. नंदुरबारमध्ये शंभरातले एकोणसत्तर आदिवासी आहेत, आणि वनहक्काच्या दाव्यांसाठी खेटे घालणारे बहुतेक तेच आहेत.