नाही म्हटल्यानंतरची दुसरी फेरी

(दृश्य: दाभोळची खाडी, सकाळ. धोपावेच्या धक्क्याला फेरीबोट टेकते. आधी दुचाक्या, मग एक टेम्पो, मागून डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका.)

वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. अलीकडे गुहागर तालुक्यातलं धोपावे, पलीकडे दापोली तालुक्यातलं दाभोळ. रस्त्याने गेलात तर भलामोठा वळसा, बोटीने काही मिनिटांचं काम. म्हणून सगळे याच बोटीला.

आपली मुलगीही याच बोटीला. ती कुणी एक मुलगी नाही. पाठलागाविरुद्धचा कायदा नीट कळावा म्हणून आम्ही तिला उभी केली आहे. पण किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत विचारा, ती ओळखीची निघेल. वय बावीस. दाभोळला एका दुकानात हिशेब लिहिते.

पावसाळा संपताना एकाने तिला विचारलं, "गाडीवरून सोडू का घरी?" ती म्हणाली, "नको, मी जाईन." तो तिथून निघून गेला असता तर कायद्याला इथे काही काम नव्हतं. विचारणं हा गुन्हा नाही.

(दृश्य: चिऱ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, चढत जाणारी पाखाडी, म्हणजे वाडीतली पायवाट. दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत इतकी अरुंद.)

तो दुसऱ्या दिवशी धक्क्यावर होता. तिसऱ्या दिवशी बोटीवर, तिच्या समोरच्या कठड्याला टेकून. आठवड्याने पाखाडीच्या तोंडाशी. "नंबर तरी दे." ती म्हणाली, "मला बोलायचं नाही तुमच्याशी. परत येऊ नका." नंबर त्याने दुसऱ्याच कुणाकडून मिळवला. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं, तर दुसऱ्या नंबरवरून मेसेज. तोही ब्लॉक केला. मग एका रात्री यूपीआयवर एक रुपया आला, सोबत चार शब्द: "का टाळतेस तू मला". परवा आणखी एक रुपया. तिचं बँकेचं स्टेटमेंट आता त्याच्या निरोपांनी भरलेलं आहे.

आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "जाऊ दे गो. पोर काय वाईट नाय. थकेल आणि गप बसेल."

या 'थकेल'वर माझा राग आहे. आपल्याकडे मागे लागण्याला चिकाटी म्हणतात, तिच्या नकाराला लाजणं म्हणतात, आणि थकते ती मुलगी. नोकरी सोडते, बोटीची वेळ बदलते, घरचे घाईने लग्न ठरवतात.

(दृश्य: बोटीवरून दिसणारं पाणी. मध्यावर आवाज फक्त इंजिनाचा.)

२०१३ पूर्वी या वागण्याला आपल्या फौजदारी कायद्यात स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. दिल्लीत कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या प्रियदर्शिनी मट्टूने पाठलागाच्या तक्रारी पुन्हा पुन्हा केल्या होत्या. जानेवारी १९९६ मध्ये तिचा खून झाला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती नेमली गेली आणि भारतीय दंड संहितेत ३५४ ड हे कलम आलं. अंमल ३ फेब्रुवारी २०१३ पासून. बरोबर सात वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० ला, आपल्याच राज्यात हिंगणघाटला मागे लागलेल्या माणसाने एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं. आठवड्याने ती गेली. कलम कागदावर असणं आणि पहिल्या महिन्यातच कुणीतरी ते वापरणं, यात हे अंतर आहे.

१ जुलै २०२४ पासून तेच कलम, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, ७८ क्रमांकाने आहे. त्यात दोन वाटा आहेत.

पहिली वाट: पुरुषाने स्त्रीच्या मागे जाणं आणि तिची इच्छा नाही हे स्पष्ट दिसत असतानाही जवळीक साधण्यासाठी वारंवार तिच्याशी संपर्क करणं, किंवा तसा प्रयत्न करणं. 'वारंवार' हा शब्द न्यायालयं गांभीर्याने घेतात. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की एकदाच मागे जाण्याने हा गुन्हा पुरा होत नाही.

दुसरा शब्द 'स्पष्ट'. तिने ओरडून सांगितलं पाहिजे असं कलमात कुठेही नाही. आमच्या वाचनाप्रमाणे 'परत येऊ नका' हे स्पष्ट आहे, आणि ब्लॉक करणंही स्पष्टच आहे. तरीही एकदा लेखी कळवा: 'मला तुमच्याशी संबंध नको.' तो मेसेज पुढे फार उपयोगी पडतो.

दुसरी वाट मोबाइलची. स्त्री इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक माध्यम कसं वापरते यावर पाळत ठेवणं. इथे 'वारंवार' हा शब्दच नाही. दुरुस्तीला दिलेल्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप गुपचूप दुसऱ्या यंत्राला जोडून चॅट वाचत बसणं यात येतं. लग्न ठरलंय म्हणून तिचा पासवर्ड आपल्या हक्काचा, असं मुंबईतल्या एखाद्या होणाऱ्या नवऱ्याला वाटत असेल, तर कलमात त्याच्यासाठी वेगळा अपवाद लिहिलेला नाही.

अपवाद आहेत ते तीन. सरकारने गुन्हा रोखण्याची किंवा शोधण्याची जबाबदारी दिलेला माणूस. कायद्याने सांगितलेलं काम करणारा, जसा समन्स घेऊन येणारा बेलिफ. आणि त्या परिस्थितीत ज्याचं वागणं वाजवी ठरतं तो.

(दृश्य: धक्क्यावरची गर्दी. तेच चेहरे, रोजचे.)

आणि कोकणात नेमका हा तिसरा अपवाद पुढे केला जातो. "एकच बोट, एकच एसटी, एकच पाखाडी. मी पण तिथूनच जातो ना!" हे म्हणणं ऐकून घ्यायला हवं, कारण ते खरंही असू शकतं. रोज समोर दिसणारा माणूस गुन्हेगार नसतो. म्हणून बघायचं ते एवढंच: त्याचं घर कुठल्या वाडीत आहे? तिची बोट चुकली तेव्हा तोही मागून येणाऱ्या बोटीसाठी थांबला का? नको सांगितल्यावर बोलण्याचा प्रयत्न केला का? आपल्या मुलीच्या वहीत याची उत्तरं आहेत. तारीख, वेळ, बोटीची कितवी फेरी, तो काय म्हणाला, शेजारी कोण होतं. मेसेज पुसू नका, त्या एक रुपयाच्या नोंदींचेही स्क्रीनशॉट ठेवा.

मग प्रश्न येतो हद्दीचा. खाडीच्या मध्यावर घडलेलं कुणाचं, गुहागरचं की दाभोळचं? तिने त्यात पडायचं कारण नाही. पोलिसांनी तक्रार कशी घ्यायची ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. पोलिसच याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. या गुन्ह्यात तिचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचं आहे. ऑनलाइन दिलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदवायला नकार मिळाला तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं.

पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. पण पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, आणि हे तिला आधीच सांगायला हवं. तो दोन दिवसांत पुन्हा धक्क्यावर उभा दिसू शकतो. अशा वेळी शांतता राखण्याचा बाँड त्याच्याकडून घ्यावा, म्हणजे चॅप्टर केस करावी, असा आग्रह पोलिसांकडे धरता येतो.

मुलगी अठराच्या आतली असेल आणि हेतू लैंगिक असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदाही लागतो, आणि तो मुलग्यांनाही संरक्षण देतो. तातडीची मदत हवी तर ११२, महिलांची हेल्पलाइन १८१.

एक गोष्ट गावकीच्या मंडळींसाठी. "पोरीचं नाव खराब होईल, इथेच मिटवू," असं बैठकीत ठरतं. तुमचा हेतू चांगला असेल. पण कलम ७८ चा गुन्हा आपसांत तडजोड करून मिटवण्याच्या यादीत नाही. एकदा एफआयआर झाला की बैठकीतल्या शब्दाने तो संपत नाही.

(दृश्य: संध्याकाळची बोट. मुलगी बाकावर वही उघडून बसलेली. शेजारी रिकामी टोपली घेतलेली मावशी.)

मावशी बराच वेळ वहीकडे बघते. मग म्हणते, "मंगळवारी पण होता गो तो. ते लिवलं नाहीस."

मुलगी पान मागे उलटते.

"आणि खाली माझं नाव लिव. मी बघितलंय."