खिडकीतला झेंडा

जुलै २०२५. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने युरो कप जिंकला, तेव्हा आमच्या शेजारच्या इंग्रज आजींच्या खिडकीत झेंडा होता. पांढऱ्यावर लाल क्रॉस. सेंट जॉर्जचा, म्हणजे फक्त इंग्लंडचा. ऑगस्टमध्ये त्यांनी तो इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवला.

कारण ऑगस्टमध्ये हेच झेंडे बर्मिंगहॅमच्या विजेच्या खांबांवर चढले आणि बघता बघता ते लोण देशभर पसरलं. कुणी छोट्या गोल चौकांवर लाल रंगाने क्रॉस ओढले. ‘आपल्या देशात आपला झेंडा, यात चूक काय?’ असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि ते सगळे द्वेषाने बोलत नव्हते. पण आश्रयासाठी आलेल्यांच्या हॉटेलांबाहेरच्या निदर्शनांतही तोच झेंडा होता.

१९६६ साली इंग्लंडने वेम्बलीवर वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा प्रेक्षकांच्या हातात बहुतेक युनियन जॅक होते, म्हणजे सगळ्या ब्रिटनचे झेंडे. इंग्रज वेगळा आणि ब्रिटिश वेगळा, हे इंग्रजांना तेव्हा फारसं जाणवतच नव्हतं. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट या अतिउजव्या, वर्णद्वेषी पक्षाने युनियन जॅक मोर्च्यांत मिरवला. १९९६च्या युरोत जॉर्जचा क्रॉस गालागालांवर रंगला. पुढे स्कॉटलंड आणि वेल्सला स्वतःचं विधिमंडळ मिळालं. इंग्लंडला ते नाही, वेगळं अधिकृत राष्ट्रगीतही नाही. २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, साधी सुट्टीसुद्धा नसते.

आणि हा जॉर्ज तरी कुठला? परंपरेप्रमाणे रोमन सैनिक, कुळ आजच्या तुर्कस्तानातलं. इंग्लंडच्या मातीला त्याचा पायही लागला नाही. बाहेरून येऊन इथे घर केलेल्या मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

२०२१च्या युरो फायनलमध्ये इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय. त्या रात्री त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचं भित्तिचित्र कुणीतरी विद्रूप केलं. मग माणसं आली. कागदी हृदयं, मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, असं करत त्यांनी ती भिंत भरून टाकली. त्यांत जॉर्जचे झेंडेही होते.

आजी मला म्हणाल्या, ‘झेंडा माझाच आहे. पण आता लावला, तर तुम्ही मला काय समजाल?’

मी म्हटलं, ‘शेजारीण. लावा.’

त्यांनी अजून लावलेला नाही. मला तो त्या खिडकीत परत बघायचा आहे.