आम्ही चढतो, पाणी उतरतं

(दृश्य: टेकडीच्या उतारावर काळ्या-पांढऱ्या दरवाजांची सरळ रांग.)

इंग्लंडमधलं विल्टशायर. डिव्हायझेस गावाच्या अलीकडे केनेट अँड एव्हन कालवा टेकडी चढतो. दोन मैलांत 29 लॉक, 237 फूट चढ. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद; तो भरला की बोट वर येते, रिकामा केला की खाली जाते. जॉन रेनी या अभियंत्यानं आखलेली ही वाट 1810 मध्ये खुली झाली. पुढे कालवा मोडकळीला आला. 1990 मध्ये राणी एलिझाबेथ यांनी तो पुन्हा सुरू केला.

जुलैचं ऊन. आमची नॅरोबोट सात फुटांपेक्षाही अरुंद, आणि सगळी पोलादी. अकरा वाजताच टपाचा तवा झालाय.

(दृश्य: बोट लॉकमध्ये शिरते.)

रिकाम्या लॉकच्या तळाशी मात्र विहिरीसारखा गारवा. दोन्ही बाजूंना ओल्या, शेवाळलेल्या भिंती. मागचे दरवाजे लागतात. वर काठावर कुणीतरी हँडल फिरवतं. लोखंड इतकं तापलंय की रुमालात धरावं लागतं. दातेरी पट्टी खडखडत वर सरकते, झडप उघडते, पाणी घुसतं. बोट सावकाश आठेक फूट उचलली जाते. ऊन आधी डोक्याला लागतं, मग खांद्यांना. गारवा संपला.

आता लांबलचक तुळईला पाठ लावून दरवाजा रेटायचा. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येईपर्यंत तो हलत नाही, कितीही जोर लावा.

एक लॉक भरायला वरून साधारण अडीच लाख लिटर पाणी सोडावं लागतं. आपल्याकडच्या हिशेबात, दहा हजारी पंचवीस टँकर. एका बोटीसाठी! म्हणून उन्हाळ्यात इथे जोडीदार शोधतात. लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात, पाणी तेवढंच लागतं. आमच्या शेजारची बोट सकाळपर्यंत अनोळखी होती. सातव्या लॉकला त्यांच्याकडून लिंबाचं सरबत आलं.

खाली गेलेलं पाणी पायथ्याचा पंप परत माथ्यावर नेतो. तो आला 1996 मध्ये. रेनीची युक्ती जुनी: मधली 16 लॉक इतकी खेटून आहेत की पाणी साठवायला जागाच नाही, म्हणून प्रत्येकाच्या बाजूला एक रुंद तळं.

(दृश्य: माथ्यावरचं शेवटचं लॉक.)

सहा तास झालेत. तळहातांना फोड आलेत. बाहेर पडून दरवाजा लावायला वळतो, तोच समोरून येणाऱ्या बोटीवरून हाक येते, "राहू द्या, राहू द्या!" त्यांना उतरायचंय. लॉक काठोकाठ भरलेलं आहे.

दरवाजे तसेच उघडे टाकून आम्ही निघतो.