टर्मिनल गप्प का बसतं : टेल, लॉगरोटेट आणि बफर

फॉन्ट वाढवलाय, मागच्यांना दिसतंय ना? ओके.

टेल डॅश एफ, म्हणजे लॉग फाइलचा (ॲप आपल्या नोंदी लिहितं ती फाइल) शेवट चालू चालू दाखवणारी कमांड, इथं सगळ्यांना येतं, त्यामुळे ते शिकवत बसत नाही. शेवटच्या १० ओळी दाखवतं, मग फाइलमध्ये नवीन ओळ पडली की तीपण दाखवतं, एवढंच आहे ते. मला बोलायचंय ते टर्मिनल गप्प पडतं तेव्हाचं. रिक्वेस्ट येतायत, युजर बोंबलतायत, आणि आपल्या स्क्रीनवर ढिम्म काही नाही, मग आपण म्हणतो चला एरर थांबल्या. थांबल्या कसल्या, आपण बघतोय चुकीच्या ठिकाणी.

हे बघा, डावीकडे ॲप डॉट लॉगवर टेल डॅश एफ चालू आहे, उजवीकडून मी इकोने, म्हणजे ओळ छापणाऱ्या कमांडने, त्याच फाइलमध्ये एकेक ओळ टाकतोय, दिसतेय. आता एमव्हीने, म्हणजे नाव बदलणाऱ्या कमांडने, त्याच फाइलचं नाव ॲप डॉट लॉग डॉट १ करतो आणि परत ॲप डॉट लॉगमध्येच इको मारतो. डावीकडे काहीच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, कर्सर आपला लुकलुकतोय. लॉगरोटेट, म्हणजे वाढलेले लॉग ठरावीक वेळाने बाजूला काढणारा प्रोग्रॅम, डिफॉल्टला हेच करतं, म्हणजे जुन्या फाइलला नवीन नाव देतं आणि कॉन्फिगमध्ये क्रिएट असेल तर जुन्या नावाने रिकामी फाइल बनवून ठेवतं. टेलने सुरुवातीला जी फाइल उघडली तिचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचं हँडल, त्याच्या हातात आहे, आणि डिस्क्रिप्टर आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलच्या मूळ नोंदीला, बांधलेला असतो, नावाशी त्याला घेणंदेणं नाही. एलएस डॅश आय मारा, डॉट १ वाल्या फाइलचा आयनोड नंबर तोच जुना दिसेल, टेल तिच्याच उशाशी बसलंय.

डॅश एफमध्ये मोठा (कॅपिटल) एफ दिला की टेल नावाच्या मागे जातं, फाइल गायब झाली तर परत परत ट्राय करतं, आणि नवीन फाइल आली की तसा मेसेजही देतं. लॉगरोटेटचा कॉपीट्रंकेट पर्याय वापरत असाल तर ही भानगड येत नाही कारण तिथं फाइल तीच राहते, फक्त कॉपी काढून आतून रिकामी केली जाते, पण कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी उडू शकतात, म्हणून मला ते फारसं आवडत नाही.

दुसरं कारण जास्त छळतं. टेलला पाइप लावून, म्हणजे त्याचं आउटपुट पुढच्या कमांडला देऊन, ग्रेप केलं, म्हणजे हव्या त्या शब्दाच्याच ओळी गाळून घेतल्या, मस्त चाललं. मग कोणीतरी म्हणतं फक्त तिसरा कॉलम दे, म्हणून पुढे अजून एक पाइप आणि कॉलम काढणारं ऑक, आणि सगळं चिडीचूप. ग्रेप बिघडलेलं नसतं, त्याचं आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ते ओळ झाली की सोडून देतं, पण पाइपमध्ये जात असेल तर बफर, म्हणजे आउटपुट तात्पुरतं साठवायची जागा, भरेपर्यंत, साधारण ४०९६ बाइट, धरून ठेवतं. आता एरर जर तासाला एक येत असेल तर ती तुम्हाला कधी दिसणार, संध्याकाळी? ग्रेपला लाइन-बफर्ड ऑप्शन द्या, मजकूर बदलणाऱ्या जीएनयू सेडला डॅश यू, ऑकचं आउटपुट पुढे अजून कशात जात असेल तर त्यात एफफ्लश, म्हणजे बफर लगेच रिकामा करायची सूचना. बाकीच्यांसाठी बाहेरून बफरिंग बदलणारी एसटीडीबफ कमांड आहे, पण प्रोग्रॅम स्वतःचं बफरिंग स्वतः करत असेल तर त्याच्यापुढे तेही हात टेकतं.

लेस प्लस एफ, म्हणजे फाइल वाचायच्या लेस कमांडचा टेलसारखा मोड, पण बघून ठेवा. कंट्रोल सी दाबलं की थांबतं, प्रश्नचिन्ह देऊन मागचं शोधा, परत मोठा एफ दाबला की पुढे चालू. नुसत्या टेलमध्ये मागे जायचं म्हणजे टर्मिनलच्या स्क्रोलबारशी मारामारी.

प्रश्न आलाय, मग मोठ्या एफचा अलियास, म्हणजे शॉर्टकट नाव, करून टाकू का? करा, मी पण केलाय, पण एक केस लक्षात ठेवा. तुमच्या ॲपकडेसुद्धा जुनाच डिस्क्रिप्टर असतो. रोटेशननंतर त्याला कोणी सिग्नल दिला नाही, रीस्टार्ट केलं नाही, तर ते डॉट १ मध्येच लिहीत राहतं, आणि मोठा एफ तुम्हाला नवीन रिकाम्या फाइलसमोर नेऊन बसवतो, तिथं छोटा एफच बरोबर दाखवत असतो. अशा वेळी उघड्या फाइल दाखवणारी एलएसओएफ कमांड, डॅश पी आणि पुढे ॲपचा प्रोसेस आयडी, ॲप नक्की कुठल्या फाइलमध्ये लिहितंय ते तिथं दिसतं, आणि मग पोस्टरोटेटमध्ये, म्हणजे रोटेशननंतर चालणाऱ्या लॉगरोटेटच्या भागात, काय राहून गेलंय ते बघायला जायचं.