कोयरीचं वळण

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी कापडावरच्या कोयरीविषयी बोलणार आहे. रेडिओवर कापड दाखवता येत नाही, पण कोयरी मराठी घरात नव्यानं दाखवावी लागत नाही. हळदीकुंकवाचा करंडा, मेंदी, रांगोळी, साडीचा काठ, सगळीकडे ती आहेच. खाली भरलेलं पोट, वर निमुळतं होत जाणारं अंग आणि एका बाजूला वळलेलं टोक. मी गोधड्या शिवते. नागपुरातल्या गांधीबागेत, इतवारीत कापड बघायला गेले की चौकड्या बघते, ठिपके बघते, फुलं बघते, आणि घरी येते ती कोयरी घेऊन. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं आहे. कपाटाचा एक आख्खा कप्पा फक्त कोयऱ्यांचा आहे.

कोयरीच का? माझं उत्तर त्या वळलेल्या टोकात आहे. ठिपक्याला दिशा नसते. चौकडी जागच्या जागी बसते. कोयरी मात्र कुठेतरी बघत असते. तिचे चार तुकडे असे जोडा की चारही टोकं मध्याकडे वळतील, लगेच एक फूल तयार होतं. तेच चार तुकडे उलटे फिरवा, भोवरा सुटल्यासारखं वाटतं. कापड तेच, कात्री तीच, सुईही तीच, तरी गोधडीचा स्वभाव बदलतो. हे सुख दुसऱ्या कुठल्या नक्षीनं मला दिलेलं नाही.

दुसरं कारण रंगांचं. एका चांगल्या कोयरीच्या पोटात सहा-सात रंग सहज नांदतात. मरून, मोरपंखी, राई, थोडा गुलाबी, कडेला काळी रेघ. गोधडीचे बाकीचे तुकडे कोणत्या रंगांचे घ्यायचे, हे मी त्या पोटातूनच निवडते. एरवी एकमेकांशी न जुळणारे दोन तुकडे मधे कोयरी आली की शेजारी म्हणून छान राहतात.

ही नक्षी आली कुठून? इराणात आणि काश्मिरात तिची मुळं आहेत. सतराव्या शतकातल्या काश्मिरी शालींच्या पदरावर मुळासकट एकेक फुलझाड विणलेलं असे, सडपातळ आणि मोकळं. पुढे त्या झाडाला फुलं वाढत गेली, त्याचा गुच्छ झाला, गुच्छाचा शेंडा कलला आणि अठराव्या शतकात हळूहळू कोयरी आकाराला आली. या शाली कानी पद्धतीनं विणत. रंगीत धाग्यांच्या छोट्या लाकडी काड्या हातानं फिरवत एकेक ओळ भरायची. एक शाल पुरी व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागे.

युरोपात त्या शालींचं वेड लागलं आणि नकला सुरू झाल्या. आधी एडिंबरा आणि नॉरिचला, मग १८०५च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या पेसली या गावात. पुढे छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणाऱ्या जकार्ड मागानं गुंतागुंतीची वीण सोपी केली आणि त्या गावानं इतक्या शाली विणल्या की इंग्रजीत ही नक्षीच ‘पेसली’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात काश्मिरी शालींचा मोठा गिऱ्हाईक असलेला फ्रान्स हातचा गेला, पाठोपाठ बायकांच्या पोशाखाची तऱ्हा बदलली आणि शाली मागे पडल्या. काश्मीरच्या विणकरांचे फार हाल झाले. ज्या हातांनी कोयरी घडवली त्यांचं नाव त्या नक्षीला जगात मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून मी तिला कोयरीच म्हणते.

माझ्या कप्प्यात शाली नाहीत, साधं सुती कापड आहे. त्यातही जीव आहे तो हातछपाईत. राजस्थानातलं सांगानेर आणि बगरू, आंध्रातलं मछलीपट्टणम, ही त्या छपाईची गावं. ठशाच्या कोयरीत आधी रेघेचा ठसा, मग प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा. बारकाईनं बघितलं तर कुठेतरी लाल रंग रेघेच्या जरासा बाहेर आलेला दिसतो, दोन ठशांच्या सांध्यावर केसाएवढी फट दिसते. मी मुद्दाम तसे तुकडे शोधते. काही जुन्या पद्धतीच्या कापडांवरचा काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेला असतो, हे कळल्यापासून त्या काळ्या रेघेवर बोट फिरवल्याशिवाय मला राहवत नाही.

इतवारीतले एक दुकानदार मला नेहमी विचारतात, “ताई, एवढुशा तुकड्याचं काय करून राहिल्या?” कापडाच्या ताग्यातला शेवटचा, पाव मीटरचाही नसलेला तुकडा मला पुरतो. सहा पूर्ण कोयऱ्या निघाल्या तरी एका गोधडीचा मधला चौकोन होतो.

आता शिवणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. नवं कापड आधी धुवा. गडद मरून आणि निळ्याचा पांढऱ्या ओल्या फडक्यावर रंग लागतो का, ते बघा. लागत असेल तर पुन्हा धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारचा पांढरा तुकडा गुलाबी होईल. कोयरीच्या वळणामागे जाऊन तिरकं कापायचा मोह होतो, तो टाळा. तिरक्या धाग्याचं कापड ताणलं जातं आणि चौकोन वाकडे होतात. कापताना चारही बाजूंनी पाव इंच शिलाईसाठी सोडा, नाहीतर नेमकं टोकच शिवणीत जातं. टोक गेलं की कोयरी गेली. आणि धावदोरा घालताना एकदा कोयरीच्या कडेनं घालून बघा. मग तिच्या बाहेर बोटभर अंतरावर दुसरी ओळ, मग तिसरी. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं कापडावर उमटतात. वेळ फार लागतो. पण थंडीत दुपारी गच्चीवर ऊन खात बसायचंच असतं, तेव्हा हे काम हातात हवं.

नागपूरचं ऊन कापडाला मात्र निष्ठुर आहे. मे महिन्यात गोधड्यांना ऊन दाखवायचं तर उलट्या बाजूनं दाखवा. जमवलेलं कापड सुती पिशवीत, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवर रंग विटतो.

श्रोतेहो, एक विनंती आहे. दारावर भांडेवाली आली की जुन्या साड्या देऊन आपण पातेलं घेतो. देण्याआधी काठ आणि पदर नीट उलगडून बघा. सुती साडीवर कोयरी असेल, विटलेली का असेना, तर तेवढा पदर कापून ठेवा. विरलेलं सुती कापड सुईला मऊ लागतं आणि पांघरायला त्याहून मऊ. घरात गोधडी शिवणारं कुणी नसेल तर वस्तीत विचारा. आपल्या नागपुरात अशा बाया प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, आणि त्यांना तो पदर नक्की हवा असेल.

नमस्कार.