तुटलेल्या नसेची वाट

(दृश्य: मनगटावरचा आडवा वण. डॉक्टरांचं बोट वणाच्या पुढे, तळहातावर हलकेच टिचकी मारतं.)

काच लागली आणि करंगळीला संवेदना देणारी अल्नर नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतूची) तुटली. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने ती शिवली. आता टिचकी मारली की करंगळीत झिणझिण्या येतात. ही चांगली खूण आहे. नसेतले वाढणारे तंतू इथवर पोचलेत.

टाक्यांनी नसेचं आवरण सांधलं जातं. आतले तंतू मात्र जखमेपासून पुढे मरतात. १८५० साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे पाहिलं होतं. मग तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी जुना कचरा साफ करतात आणि रांग धरून उभ्या राहतात.

नवा तंतू या रांगेवरून निघतो, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. त्याच्या टोकावर एल-वन, एन-कॅढेरिन, एन-कॅम हे पकड घेणारे रेणू असतात, श्वान पेशींवरही तेच. एल-वन एल-वनला धरतो, एन-कॅढेरिन एन-कॅढेरिनला. टोकावरच्या इंटिग्रिन या आणखी एका रेणूची पकड बसते ती भोवतालच्या लॅमिनिन या प्रथिनावर. माडावर चढणारा पाडेली पाहिलाय? एक पकड घट्ट, दुसरी सैल, मग वर. तंतूचं टोकही असंच सरकतं.

मला यातलं सैल सोडणं फार मोलाचं वाटतं. एन-कॅमवर पॉलीसियालिक आम्लाची, म्हणजे एका प्रकारच्या शर्करेची, लांब साखळी लागली की पकड ढिली होते. उंदराच्या मांडीतल्या फिमोरल नसेला दोन फाटे असतात, एक स्नायूकडे जाणारा, एक कातडीकडे. नस कापून जोडली की हालचालीचे तंतू आधी दोन्हींत शिरतात. काही आठवड्यांनी बहुतेक स्नायूच्या फाट्यात दिसतात. संशोधकांनी ती साखळी काढून टाकली, तेव्हा तंतूंना ही निवड जमेना. पकड ढिली होते, म्हणूनच वाट बदलता येते!

श्वान पेशी कायम वाट पाहत नाहीत. महिनोन्‌महिने तंतू आला नाही तर त्यांचा आधार आटत जातो. म्हणून तुटलेली नस लवकर जोडावी लागते.

(दृश्य: पाच महिन्यांनंतर. रुग्णाचे डोळे मिटलेले. कापसाचा बोळा करंगळीच्या टोकाला टेकतो.)

“लागलं का काही?”

“हो, लागलं.”

“कुठल्या बोटाला?”

तो थोडा थांबतो.

“करंगळीच्या शेजारच्या.”