घरातली ऊब घरातच राहावी म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी वाढू लागली की घर चालवणाऱ्या माणसाला दोन काळज्या एकदमच लागतात. घरातल्या लहानग्यांना आणि वयस्कर मंडळींना थंडी बाधू नये, ही पहिली. आणि त्यासाठी होणारा खर्च महिन्याच्या हिशेबात बसावा, ही दुसरी. ऊब म्हणजे हीटर आणि हीटर म्हणजे वाढलेले बिल, असे आपण गृहीत धरून चालतो, आणि म्हणून या दोन काळज्यांचा मेळ बसणार नाही असे वाटत राहते. हा विचार उलट्या बाजूने सुरू करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या भिंती, स्वयंपाकघरातली धग आणि घरात वावरणारी माणसे यांच्यामुळे घरात काही उष्णता आधीच असते. स्वस्थ बसलेल्या एका प्रौढ माणसाच्या शरीरातूनच साधारण १०० वॉट इतकी उष्णता सतत बाहेर पडत असते; म्हणजे चौघे-पाचजण एका खोलीत बसले की तिथे चारपाचशे वॉटची उष्णता विनामूल्य मिळते. ही उष्णता बाहेर निसटू न देण्यावर आपला पहिला पैसा खर्च व्हावा, आणि नवी उष्णता विकत घेण्याचा विचार त्यानंतर व्हावा.

उष्णता निसटण्याची जी वाट सर्वांत कमी पैशात बंद होते, ती दारे-खिडक्यांच्या फटींची. या फटी डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, म्हणून त्या शोधण्यासाठी एखाद्या वाऱ्याच्या संध्याकाळी घरातले पंखे बंद करून उदबत्ती पेटवावी आणि पडदे बाजूला सारून ती दाराच्या चौकटीलगत वरपासून खालपर्यंत अगदी सावकाश फिरवावी. धूर सरळ वर चढत असेल तर त्या जागी काही करायला नको. पण तो जिथे अचानक आडवा होतो, खोलीत ढकलला जातो किंवा फटीकडे ओढला जातो, तिथे खडूने खूण करावी. असे सारे घर फिरून झाले की बहुतेक खुणा दाराच्या तळाशी, खिडकीच्या दोन झडपा एकमेकींना मिळतात त्या रेषेवर, चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगेत आणि वायर किंवा नळ जाण्यासाठी भिंतीला पाडलेल्या भोकापाशी सापडतात. भेगा आणि भोके पुट्टीने बुजवता येतात. झडपांच्या कडेला फोमची चिकटपट्टी लावावी, मात्र त्याआधी चौकट स्वच्छ पुसून पूर्ण वाळू द्यावी, नाहीतर ती पट्टी थोड्याच दिवसांत सुटून लोंबू लागते. दाराखालच्या फटीसाठी तर काही विकत आणण्याचीही गरज नाही. जुन्या विजारीचा एक पाय कापून घ्यावा, त्याचे एक तोंड शिवावे, आत चिंध्या गच्च भराव्यात, वजनासाठी एका छोट्या पिशवीत बांधलेली वाळू मध्ये घालावी आणि दुसरे तोंड शिवून टाकावे. हा लोड दाराच्या रुंदीपेक्षा थोडा लांब असला आणि रात्री दाराला नीट टेकवून ठेवला, की पायांना झोंबणारा वारा त्याच रात्रीपासून थांबतो.

फटींनंतर काचा. काचेतून उष्णता सहज पार होते आणि स्थिर हवेतून ती फार सावकाश जाते. थंडीपासून बचावाच्या बहुतेक साऱ्या युक्त्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. ज्या खिडकीत ऊन येते तिचे पडदे दिवसा पूर्ण उघडे ठेवावेत आणि ऊन उतरताच, दिवे लावायची वाट न पाहता, ओढून घ्यावेत. पडदा खिडकीच्या पुढे हवेत लोंबत असेल तर त्याच्यामागची थंड झालेली हवा खालून खोलीत उतरत राहते, म्हणून तो खाली जमिनीला किंवा खिडकीच्या कट्ट्याला टेकलेला आणि दोन्ही बाजूंनी भिंतीला भिडलेला असावा. जाड पडदे परवडत नसतील तर आहे त्या पडद्याच्या मागे जुनी चादर अस्तरासारखी टाचावी. जी खिडकी हिवाळाभर उघडायची नाही, तिच्या चौकटीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद, काचेपासून बोटभर अंतर ठेवून, चारही बाजूंनी चिकटवला तर मध्ये अडकलेली हवा आपले काम करते आणि उजेडही अडत नाही. खोलीत एखादी तरी खिडकी उघडण्याजोगी राहिली पाहिजे. त्याचे कारण पुढे सांगतो.

आता अंथरुणाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते थंडीतला सर्वांत जास्त त्रास आणि सर्वांत जास्त वाया जाणारा खर्च इथेच असतो. रात्री थंडी वाजली की आपण अंगावर आणखी एक पांघरूण ओढतो, आणि तरीही पाठ गार ती गारच राहते. याचे कारण अंगाखाली असते. आपल्या वजनाने गादी आणि सतरंजी दबतात, त्यांच्यातली हवा निघून जाते, आणि शरीराची उष्णता खालच्या फरशीत उतरत राहते; फरशी ती भराभर ओढून घेते. म्हणून घरात एक पांघरूण जास्तीचे असेल तर ते आधी अंगाखाली घालावे. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली जाड पुठ्ठा किंवा वर्तमानपत्रांचे अनेक थर पसरले तरी फरक त्याच रात्री जाणवतो. मात्र सकाळी ते उचलून ठेवावेत, कारण गादीखाली ओल धरली की बुरशी यायला वेळ लागत नाही. वर घ्यायच्या पांघरुणांत मऊ आणि फुगीर पांघरूण अंगालगत असावे आणि घट्ट विणीचे त्याच्यावर असावे. अतिशय जड पांघरुणांचा ढीग खालच्या रजईला दाबून टाकतो आणि तिची ऊब कमी करतो, म्हणून वजनावर जाऊ नये. दिवसभर घडी करून ठेवलेली रजई झोपण्यापूर्वी जोरात झटकली की तिच्यातला कापूस पुन्हा फुलतो. रात्रभरात अंगातला ओलावा पांघरुणात मुरत असतो, त्यामुळे त्यांना वरचेवर ऊन दाखवणे हा स्वच्छतेचा जेवढा तेवढाच उबेचाही उपाय आहे. डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपणाऱ्याच्या श्वासाने तर ते आतून लवकरच दमट होते. त्यापेक्षा चेहरा उघडा ठेवून कानटोपी घालावी. पलंग बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो थोडा आत सरकवावा.

गरम पाण्याची पिशवी हा फारच कमी खर्चाचा उपाय आहे, पण तो जपून करावा. तिच्यात उकळते पाणी ओतू नये, काठोकाठ भरू नये, उरलेली हवा दाबून काढून मगच टोपण घट्ट लावावे, आणि रबराला बारीक चिरा दिसू लागल्या की ती पिशवी टाकून द्यावी. झोपण्याच्या अर्धा तास आधी ती पायथ्याशी ठेवली, की अंथरूण गरम होते आणि झोपताना ती काढून घेता येते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांना चटका बसलेला कळत नाही. त्यांच्या अंगाशी ती राहू देऊ नये.

कपड्यांचे सूत्रही अडकवलेल्या हवेचेच आहे. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले की त्यांच्यामध्ये हवेचे थर राहतात, आणि काम करताना अंग तापले तर एखादा काढताही येतो. घाम आल्यावर तो अंगावरच वाळू देणे टाळावे, कारण भिजलेले सुती कापड अंगाची उष्णता झपाट्याने घेऊन जाते; लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते. दिवसभर घातलेले मोजे झोपताना बदलून कोरडे घालावेत, आणि ते इतके घट्ट नसावेत की पायातला रक्तप्रवाह मंदावेल. शरीरातली बहुतेक उष्णता डोक्यातून जाते असे अनेकदा ऐकू येते, ते खरे नाही. जो भाग उघडा राहील त्यातून ती जाते, आणि आपण बाकीचे अंग झाकतो पण डोके आणि कान उघडे ठेवतो.

एवढे सगळे करूनही जी उणीव राहील, तिच्यासाठी हीटर. त्याचा हिशेब सोपा आहे. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज जळते. २००० वॉटचा हीटर रोज चार तास चालवला तर रोजची ८ आणि ३० दिवसांची २४० युनिटे होतात. उलट १०० वॉटचे विजेचे ब्लँकेट रात्रभर आठ तास पूर्ण जोराने चालले तरी एक युनिटही होत नाही. एका माणसाला ऊब द्यायची असेल तर सगळी खोली तापवणे हा महागडा मार्ग आहे, हे या आकड्यांवरून सहज लक्षात येते. तारेचा, तेलाचा किंवा पंख्याचा हीटर असो, तेवढ्याच विजेत तो तेवढीच उष्णता देतो. फरक असतो तो ती उष्णता किती लवकर आणि कुठे पोहोचते याचा, आणि सुरक्षिततेचा, म्हणून कमी विजेत दुप्पट ऊब देणारा हीटर म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर ते देऊ नयेत. ज्यांच्या वातानुकूलन यंत्रात गरम हवेची सोय आहे त्यांचे मात्र वेगळे आहे. ते यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणते, त्यामुळे तेवढ्याच विजेत साध्या हीटरच्या दुप्पट-तिप्पट उष्णता देऊ शकते. हीटर कोणताही असो, संध्याकाळी सगळ्यांनी एकाच खोलीत बसावे आणि तिचे दार लावून घ्यावे. हीटर पडदे आणि अंथरुणापासून किमान एक मीटर दूर असावा, त्याची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये असावी, एक्स्टेन्शन बोर्डात नसावी, आणि झोपण्यापूर्वी तो बंद व्हावा.

श्रोतेहो, पैसे वाचवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर कृपा करून तो सोडून द्या. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेला माणूस जागा न होताच दगावू शकतो. निखाऱ्यांवर राख चढली तरी वायू निघतच असतो, आणि खिडकी किंचित उघडी ठेवल्याने धोका टळतो हे समाधान खोटे आहे. स्वयंपाकाचा गॅस खोली तापवण्यासाठी पेटता ठेवणेही तितकेच चुकीचे. गॅस गीझरसाठी किंवा धुराड्यासाठी ठेवलेली हवेची वाट फटी बुजवण्याच्या भरात कधीही बंद करू नये. घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे असा त्रास होऊ लागला आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर तो कमी झाला, तर तो सर्दी-पडशाचा प्रकार समजू नये. सगळ्यांना बाहेर काढावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

उघडण्याजोगी खिडकी हवी, असे मघाशी म्हटले, त्याचे कारण ओल. श्वास, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून निघणारी वाफ थंड काचेवर आणि कपाटामागच्या भिंतीवर पाणी होऊन साचते, आणि तिथे बुरशी धरते. दम्याच्या रुग्णाला ती फार त्रासदायक असते. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडावी. तेवढ्यात हवा बदलते, पण भिंती आणि सामान यांच्यातली उष्णता टिकून राहते, त्यामुळे खिडकी लावल्यावर खोली लवकर सावरते.

सर्वांत शेवटी वयस्कर मंडळी आणि तान्ही मुले, ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट करायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार थंड हवामानात घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे. उतारवयात थंडीची जाणीव मंदावते, म्हणून “मला काही थंडी वाजत नाही” या आजी-आजोबांच्या शब्दावर विसंबून राहू नये. त्यांच्या खोलीत एक साधा तापमापक टांगावा आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा. एका वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना सैल पांघरुणे आणि उशा जवळ ठेवू नयेत, अंगभर बेताचे उबदार कपडे घालावेत, घरात झोपताना टोपी काढावी, आणि त्याला थंडी वाजते की उकडते हे हातापायांवरून न ठरवता छातीला किंवा मानेमागे हात लावून पाहावे.

शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो. बोलणे अडखळू लागते, पाऊल चुकते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, त्याला गुंगी येते. कापणे थांबले म्हणजे बरे वाटू लागले असे अशा वेळी मुळीच समजू नये, उलट प्रकृती जास्त बिघडल्याचे ते लक्षण असू शकते. लगेच रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात आधी छाती, मान आणि पोट झाकावे, हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये, आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तरच कोमट गोड पेय घोटाघोटाने पाजावे.